औषधाआधी भुयारी गटार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्येष्ठ महिना सुरू होता. गावाला चार दिवसांआड पाणी येत होते. एकाच गल्लीतून आठवड्याभरात काविळीचे सहा रुग्ण माझ्या दवाखान्यात आले. डोळे पिवळे, लघवी गडद, जेवणाचा वासही सहन होत नाही, अशी सर्वांची एकच तक्रार. सहाही जणांना मी विचारले, "बाहेरचे काही खाल्ले का?" चौघांनी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या पाणीपुरीच्या गाडीचे नाव घेतले. झाले, मला कारण सापडले! "ती पाणीपुरी बंद करा," असे मी प्रत्येकाला बजावले. लहान गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. खुद्द डॉक्टरांनीच सांगितले म्हटल्यावर त्या गाडीकडे कोणी फिरकेना. तिसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्याने गाडी घरी नेली.

रुग्ण मात्र येतच राहिले. त्यांत पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली एक मुलगी होती. आठवा महिना चालू होता. तिने पाणीपुरी तोंडात घातलेली नव्हती. तिला ताबडतोब जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले, पण ती वाचली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी नळाला काळपट पाणी येते म्हणून गल्लीतील लोकांनी उघडे गटार उपसून पाहिले. घराघरांत गेलेला नळाचा लोखंडी पाइप त्या गटारातूनच गेलेला होता आणि गंजून त्याला बोटभर भोक पडले होते. मी गाडीवाल्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गाडीवरचं पाणीपण त्याच नळाचं होतं. पण नळाला कोण काय बोलणार?"

त्या मुलीला लागण माझ्याकडे पहिला रुग्ण येण्याआधीच झालेली असणार, कारण या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत महिना-दीड महिना जातो. पण मी गाडीकडे बोट दाखविले, त्या पंधरा दिवसांत आणखी किती जणांनी ते पाणी प्याले, याचा हिशेब माझ्या खात्यावर आहे. पुढे या विषयावर वाचत असताना समजले की, हीच चूक १९३३ साली अमेरिकेतील शिकागोसारख्या बलाढ्य शहरानेही केली होती. आणि त्याच सुमारास, तिजोरीत खडखडाट असताना, त्या देशाने गटारांचे केवढे मोठे काम उभे केले, तेही समजले. आज वाचकांना तीच हकीकत सांगावयाची आहे.

जत्रेतून घरी नेलेला आजार

१९३३ च्या मे महिन्यात शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले. ‘शतकाची प्रगती’ असे त्याचे नाव. देशभरातून लाखो लोक आले, राहिले आणि आपापल्या गावी परतले. त्यांपैकी अनेकांना घरी गेल्यावर रक्त-आवेच्या हगवणीने गाठले. हा अमिबाचा आमांश. आपल्याकडे ‘आव पडते’ म्हणतात तोच. आपल्या डॉक्टरांना तो घरच्या पाहुण्यासारखा ओळखीचा. त्यावर एमेटिन या औषधाचे इंजेक्शन लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली आपल्या कलकत्त्यातच वापरून दाखविले होते. पण अमेरिकेतील बऱ्याच डॉक्टरांची समजूत अशी की, हा उष्ण देशांतला रोग, आपल्याकडे कुठला असायला! त्यामुळे कित्येकांना अपेंडिक्सची सूज समजून त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतले काही त्यातच दगावले. टेक्सास गिनान ही त्या काळची गाजलेली रंगमंच कलावती नोव्हेंबरमध्ये याच आजाराने गेली.

सर्व रुग्णांत एक धागा समान निघाला. बहुतेक जण शेजारी-शेजारी असलेल्या दोन मोठ्या हॉटेलांत उतरलेले होते. मग संशय कोणावर आला? स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणारे यांच्यावर! त्यांच्या शौचाच्या तपासण्या झाल्या. माझ्या पाणीपुरीवाल्यासारखीच त्यांची गत झाली. शेवटी नळकामाचे जाणकार तळघरात उतरले, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. जुनाट इमारतींत सांडपाण्याचे पाइप गळके होते आणि काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याची व मैलापाण्याची जोडणी अशी होती की, एकाचे पाणी दुसऱ्यात जाऊ शकत होते. एकूण रुग्ण चौदाशेच्या वर गेले आणि ९८ माणसे दगावली.

शहराच्या पाण्यात क्लोरीन होते. मुख्य नळाचे पाणी चांगले होते. घाण मिसळली ती इमारतीच्या आत, शेवटच्या काही हातांवर. शिवाय अमिबाचे जे कवचबंद रूप पाण्यातून पसरते, ते नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनला दाद देत नाही, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

उलटी वाहणारी नदी

शिकागो हे शहर मिशिगन नावाच्या प्रचंड सरोवराच्या काठी, सपाट चिकणमातीवर वसलेले. पाण्याला उतारच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गटारे बांधायची ठरली, तेव्हा ती रस्त्याच्या पातळीवर टाकून वर भराव घालावा लागला आणि जुन्या इमारती अक्षरशः जॅक लावून उचलाव्या लागल्या. गटारे नदीत, नदी सरोवरात आणि प्यायचे पाणीही त्याच सरोवरातले! परिणाम ठरलेलाच. १८९१ साली विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, या शहरात लाखामागे १७४ माणसे मेली. एका वर्षात सुमारे दोन हजार चिता म्हणा ना!

यावर त्यांनी काढलेला तोडगा धाडसाचा होता. २८ मैलांचा कालवा खोदून १९०० साली त्यांनी नदीचा प्रवाहच उलटा फिरविला. मैलापाणी सरोवरात न जाता कालव्यातून दुसऱ्या नदीकडे, खालच्या गावांकडे जाऊ लागले. पुढे १९१२ पासून पाण्यात क्लोरीन घालण्यास सुरुवात झाली. शिकागोचा टायफॉइड झपाट्याने उतरला. पण आपल्या दारातली घाण शेजाऱ्याच्या दारात गेली, त्याचे काय? खाली इलिनॉय नदीची दुर्दशा झाली. शिवाय मैला वाहून नेण्यासाठी सरोवराचे इतके पाणी ओढले जाऊ लागले की, सरोवराची पातळी खाली जाते म्हणून काठावरची इतर राज्ये कोर्टात गेली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३० साली हुकूम दिला. पिण्यासाठी उपसलेले पाणी वगळून, आधी ६,५०० क्युसेक, १९३५ अखेरीनंतर ५,००० आणि १९३८ अखेरीनंतर फक्त १,५०० क्युसेक पाणी घ्या. धरणातून किती क्युसेक सोडले हे आपण पावसाळ्यात रोज वाचतो, म्हणजे हा आकडा वाचकांना कळेल. अर्थ असा की, मैला नुसता पाण्याने ढकलून देणे बंद. आठ वर्षांत शुद्धीकरण केंद्रे बांधा, मैलापाणी साफ करा आणि मगच सोडा.

तिजोरी रिकामी आणि हातही रिकामे

हुकूम आला आणि नेमकी त्याच वेळी महामंदी कोसळली. १९३३ पर्यंत अमेरिकेत कामकऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार झाला. शिकागोत लोक कर भरू शकत नव्हते. शिक्षकांना पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळत होत्या. सांडपाणी मंडळाचे कर्जरोखे घ्यायला कोणी तयार नव्हते. कामे रखडली. १९३३ च्या मे महिन्यात न्यायालयाने पुन्हा बजावले की, पैशांची सोय करणे ही राज्याची जबाबदारी आहे.

अशा वेळी आपल्या घरात काय बोलले जाते? "हात आखडता आहे, गटाराचे पुढच्या वर्षी बघू." तेथे वेगळा विचार झाला. मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने जूनमध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी ३३० कोटी डॉलर मंजूर करून घेतले. त्यासाठी नेमलेल्या सार्वजनिक बांधकाम प्रशासनाचे प्रमुख हॅरॉल्ड इक्स हे मूळचे शिकागोचेच वकील. पद्धत अशी की, मजुरी व सामानाच्या खर्चापैकी ३० टक्के, पुढे ४५ टक्के, सरकारने फुकट द्यायचे आणि उरलेल्यासाठी शहराला कर्ज. शिकागोच्या रखडलेल्या गटार-योजनेला या मदतीने गती आली. शहराच्या नैर्ऋत्येचे मोठे शुद्धीकरण केंद्र १९३९ साली सुरू झाले. पश्चिमेचे केंद्र १९३० सालीच सुरू झालेले होते. ही दोन्ही मिळून झालेले स्टिकनीचे केंद्र आज जगातील सर्वांत मोठ्या केंद्रांत गणले जाते.

तेथे काय करतात, असे वाचक विचारतील. मैलापाणी मोठ्या हौदांत घेऊन त्यात हवा सोडतात. हवेवर वाढणारे जंतू त्यातली घाण खाऊन टाकतात, त्यांचा गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी पुष्कळ स्वच्छ होते. शेणखत कुजवताना आपण जे करतो, त्याचेच हे वेगवान रूप. ही रीत १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे सापडली होती.

फावड्याला टेकलेली माणसे

हे झाले मोठ्या ठेकेदारांकडून झालेले काम. याशिवाय सरकारने बेकारांना थेट कामावर घेतले. हॅरी हॉपकिन्स यांच्या देखरेखीखाली नोव्हेंबर १९३३ मध्ये जी पहिली योजना निघाली, तिने हिवाळ्याच्या त्या काही महिन्यांत ४० लाखांवर माणसे कामाला लावली. १ कोटी २० लाख फूट, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक गटारांचे पाइप त्यांनी टाकले किंवा दुरुस्त केले. ती योजना मार्च १९३४ मध्ये संपली. १९३५ साली तिच्याहून मोठी योजना आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘डब्ल्यूपीए’ म्हणत. ती १९४३ पर्यंत चालली आणि एकूण सुमारे ८५ लाख लोकांनी तिच्यावर काम केले. एका घरातून एकालाच काम मिळे. सुरुवातीची मजुरी प्रदेश व कसब पाहून महिन्याला १९ ते ९४ डॉलर. या हातांनी देशभर मिळून सुमारे २४ हजार मैल गटारे नवी बांधली किंवा सुधारली.

खेड्यांसाठी त्यांनी केलेले काम मला अधिक मोलाचे वाटते. जेथे भुयारी गटार जाणे शक्य नव्हते, तेथे त्यांनी साधे संडास बांधले. खोल खड्डा, त्यावर काँक्रीटची लादी, बसण्याच्या जागेला घट्ट बसणारे झाकण आणि माशी आत शिरणार नाही अशी बांधणी. सामान घरमालकाचे, मजुरी सरकारची. असे सुमारे २३ लाख संडास उभे राहिले. दक्षिणेकडील राज्यांत अनवाणी मुलांच्या तळपायांतून शिरणारा आकडी कृमी अंगातले रक्त शोषत असे. त्याच्यावर बूट आणि संडास यांच्याइतके गुणकारी औषध दुसरे नाही.

आणि या मजुरांना काय मिळाले? थट्टा! वर्तमानपत्रांतून व्यंगचित्रे निघत. फावड्याला टेकून उभा राहिलेला माणूस म्हणजे सरकारी कामावरचा मजूर, असा विनोदच रूढ झाला.

हे वाचताना मला माझी आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात मी वर्षा-दीड वर्षाचा होतो. मला झोळीत ठेवून ती नालाबांधाच्या कामावर माती वाहत असे आणि कामावर मिळणारी सुकडी घरी आणत असे. "माती इकडची तिकडं करायची अन् पैसे घ्यायचे," असे पांढरपेशे लोक तेव्हा म्हणत, हे तिनेच मला सांगितले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या आपल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला. त्या बांधाच्या खालच्या विहिरीला पाणी लागले, हे ती आवर्जून सांगायची. कष्टाने खोदलेल्या चराचे मोल तो खोदताना दिसत नाही. वीस वर्षांनी दिसते.

औषध नंतर आले

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. १९०० साली अमेरिकेत टायफॉइडने लाखामागे सुमारे ३१ माणसे मरत. १९४० पर्यंत हा आकडा साधारण एकावर आला. टायफॉइडवर खात्रीने लागू पडणारे पहिले औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, कधी आले? १९४८ साली! म्हणजे गोळी दुकानात येण्याआधीच रोग जवळजवळ हद्दपार झालेला होता. हे श्रेय एकट्या गटाराचे नाही. पाणी गाळणे, क्लोरीन घालणे, दूध तापवून विकणे, यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण या सर्वांचे सूत्र एकच. एकाच्या पोटातले दुसऱ्याच्या तोंडात जाऊ द्यायचे नाही.

मी जवळजवळ तीस वर्षे टायफॉइडला औषध देतो आहे. माझ्या उमेदीत लागू पडणाऱ्या काही गोळ्या आज पडत नाहीत. जंतूंनी त्यांना दाद देणे सोडले आहे. पण जमिनीखालून, योग्य उताराने, न गळता जाणाऱ्या पाइपला दाद न देणारा जंतू अजून जन्मलेला नाही. तरी दवाखान्यात माझे आभार मानणारे मला रोज भेटतात. गटार खोदणाऱ्याचे आभार मानलेले मी एकदाही ऐकले नाहीत.

आपण काय पाहावे?

भुयारी गटार होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. शिकागोच्या त्या हॉटेलांनी आणि माझ्या गावच्या गल्लीने शिकवलेले असे :

१. आपल्या घरात येणारा नळाचा पाइप कोठून येतो, ते आज संध्याकाळी स्वतः चालत जाऊन पाहा. तो गटारातून किंवा गटाराखालून येत असेल, तर चार घरांनी मिळून बदलून घ्या. नळाचा पाइप गटारापासून शक्य तेवढा दूर आणि वरच्या पातळीवर असावा.

२. नळ जातो तेव्हा पाइप रिकामा होतो आणि भोकातून बाहेरचे घाण पाणी आत ओढून घेतो. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्यास भरू नका. नळाला थेट मोटार लावाल, तर हे ओढणे आणखी वाढते. त्याचा त्रास शेजाऱ्यालाही होतो.

३. साथ असेल तेव्हा पाणी खळखळून उकळा. मेडिक्लोर किंवा टीसीएल उपयोगी आहे, ते जरूर वापरा. पण आवेच्या अमिबाला उकळणेच खात्रीचे.

४. सेप्टिक टँकचे पाणी उघड्या गटारात सोडू नका. शोषखड्डा करा. टँकमध्ये माणूस कधीही उतरवू नका. त्यातील विषारी वायूने क्षणात जीव जातो आणि वाचवायला उतरलेलाही जातो. टँक यंत्रानेच उपसून घ्या.

५. एकाच गल्लीत आठवड्यात कावीळ, टायफॉइड किंवा हगवणीचे दोन-तीन रुग्ण दिसले, तर डॉक्टरांना आणि नगरपालिकेला त्याच दिवशी कळवा. वाट पाहू नका.

६. गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले, तर उतारा, झाडपाला, पथ्य यांत एक दिवसही घालवू नका. थेट मोठे रुग्णालय गाठा. दूषित पाण्यातून होणारी एक प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत फार घातक ठरते.

त्या गल्लीतील लोकांनी वर्गणी काढून पाइप बदलला आणि नंतर नगरपालिकेने गटारही बांधून दिले. पाणीपुरीची गाडी पुन्हा जागेवर उभी राहते. माझ्याकडे काविळीचा रुग्ण आला की, "काय खाल्ले?" हे मी अजूनही विचारतो. पण आता तो दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो, "तुमचा नळ कोठून येतो?"